शर्ली कार्ड ते फेस रेकग्निशन : कॅमेऱ्यातील वर्णभेदाची पार्श्वभूमी

चेहरा ओळखणाऱ्या संगणकप्रणाली कृष्णवर्णीयांच्या बाबतीत अधिक चुका करतात, हा वाद गेल्या दशकात गाजला असला, तरी त्याची मुळे अमेरिकेतील रंगीत फिल्मच्या व्यवसायात आहेत.

१९५४ पर्यंत कोडॅकच्या रंगीत फिल्मच्या किमतीतच ती धुण्याचा आणि छापण्याचा खर्च धरलेला असे. त्या वर्षी मक्तेदारीविरोधी खटल्यातील तडजोडीमुळे कंपनीला ही पद्धत सोडावी लागली आणि हे काम स्वतंत्र लॅबना खुले झाले. सगळीकडे रंग सारखे उमटावेत म्हणून कोडॅक त्यांना एक नमुन्याचे छायाचित्र पुरवू लागली. त्यात रंगीत पेहरावातील एक गोरी तरुणी असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणू लागले. पुढे मॉडेल बदलत गेल्या, नाव मात्र राहिले आणि अनेक वर्षे वर्णही तोच राहिला. लॅबमधला कारागीर आपली प्रिंट या कार्डाशेजारी ठेवून शर्लीची त्वचा नीट दिसेपर्यंत रंगांचे प्रमाण कमीजास्त करी.

गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा एकत्र होऊ लागल्या, तेव्हा वर्गाच्या सामूहिक फोटोत याचा परिणाम उघड झाला. गोऱ्या मुलांचे चेहरे व्यवस्थित यावेत अशा बेताने प्रकाश धरला, की शेजारच्या कृष्णवर्णीय मुलाचे डोळे आणि दात तेवढे दिसत, बाकी चेहरा काळोखात जाई. पालकांनी तक्रारी केल्या, पण त्यांनी फारसे काही हलले नाही. सत्तरच्या दशकात गडद तपकिरी छटांकडे कोडॅकचे लक्ष वेधले ते चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्या कंपन्यांनी, कारण जाहिरातींत त्यांच्या मालातले बारकावे उमटत नव्हते. माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा मालाची तक्रार अधिक वजनदार ठरली, असे म्हणणे येथे अतिशयोक्तीचे होणार नाही. गोरी, कृष्णवर्णीय आणि आशियाई अशा तिघी स्त्रिया एकत्र असलेले कार्ड आले ते थेट नव्वदच्या दशकाच्या मध्यावर.

सत्तरच्याच दशकातली दुसरी घटना झटपट छायाचित्रे देणारे कॅमेरे बनवणाऱ्या पोलरॉइड कंपनीची. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवट कृष्णवर्णीयांना सक्तीने बाळगावे लागणाऱ्या पासांवरील छायाचित्रांसाठी पोलरॉइडची सामग्री वापरते, हे १९७० मध्ये कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स या कंपनीच्याच दोन कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी चव्हाट्यावर आणले. बहिष्काराची मोहीम चालली आणि १९७७ मध्ये पोलरॉइड त्या देशातून बाहेर पडली. म्हणजे कॅमेऱ्यात आपण नीट दिसत नाही ही एक तक्रार, आणि पाळत ठेवण्यासाठी तोच कॅमेरा आपल्यावर रोखला जातो ही दुसरी. दोन्ही तेव्हापासूनच्या आहेत.

डिजिटल युगात कार्डाची जागा छायाचित्रांच्या साठ्यांनी घेतली. संगणकाला शिकवायला दिलेल्या चेहऱ्यांत गोऱ्या पुरुषांचा भरणा असेल, तर त्याची ओळखही त्यांच्यापुरतीच पक्की होते. २०१५ मध्ये गूगल फोटोजने कृष्णवर्णीय व्यक्तींच्या छायाचित्रांवर ‘गोरिला’ असा शिक्का मारला. गूगलने माफी मागितली आणि तो शब्दच यादीतून काढून टाकला, जो खरे तर उपाय नव्हे. एमआयटीतील संशोधक जॉय बुओलामविनी यांचा चेहरा प्रणालीला सापडेना, तो त्यांनी पांढरा मुखवटा चढवल्यावर सापडला. त्यांनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये आफ्रिका व युरोपातील सहा देशांच्या संसद सदस्यांची छायाचित्रे वापरून तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ठरवताना उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होते, तर गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले.

अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय गृहस्थांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यावर, जून २०२० मध्ये, आयबीएमने चेहरा ओळखण्याच्या व्यवसायातून अंग काढून घेतले आणि ॲमेझॉनने पोलिसांना ही सेवा देणे स्थगित केले. त्याच लाटेत आपल्याकडे शादी डॉट कॉमने वर्णानुसार स्थळे शोधण्याची सोय काढली; अर्थात आपला गोरेपणाचा सोस वेगळ्या मुळांतून आलेला आहे.

त्याच वर्षी जानेवारीत डेट्रॉइटमध्ये एका कृष्णवर्णीय गृहस्थाला घड्याळांच्या चोरीच्या संशयावरून बायको-मुलींसमोर अटक झाली होती. दुकानातील चित्रीकरणाशी संगणकाने त्यांच्या जुन्या वाहन परवान्यावरील फोटोची चुकीची सांगड घातली होती. त्यांनी केलेल्या दाव्यात २०२४ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार केवळ अशा जुळणीच्या आधारे अटक करण्यास तेथील पोलिसांना मनाई करण्यात आली.