अपघातानंतर गाडी पुन्हा सुरू करण्यापूर्वी

धडकेनंतर इंजिन सुरू होते आहे, दिवेही लागत आहेत, असे दिसले की गाडी स्वतःच चालवत गॅरेजपर्यंत आणण्याचा मोह होतो. आमच्या ग्राहकांनी तो टाळावा, यासाठी हे पत्रक दिले आहे.

गाडीचा विचार अर्थातच माणसांनंतर करावा. इंजिन बंद करून हॅझर्ड लाइट लावावेत आणि रहदारीपासून दूर उभे राहावे. आग लागण्याचा किंवा मागून दुसरे वाहन येऊन आदळण्याचा धोका नसेल, तर जखमी व्यक्तीला वैद्यकीय मदत येईपर्यंत हलवू नये, कारण मानेला किंवा मणक्याला झालेली इजा ओढाताणीने वाढते. धक्क्याच्या भरात वेदना जाणवत नाहीत. त्यामुळे ज्यांना काहीच झालेले नाही असे वाटते, त्यांनीही नंतर डोकेदुखी, उलटी किंवा गुंगी जाणवल्यास ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

चूक कोणाची, हा वाद रस्त्यावर घालू नये. शक्य असल्यास वाहने हलवण्यापूर्वी दोन्ही गाड्यांची, नंबर प्लेटची आणि रस्त्यावरील टायरच्या खुणांची छायाचित्रे घ्यावीत.

आता गाडीविषयी. प्लॅस्टिकचा बंपर दबून पुन्हा जागेवर येतो, पण त्यामागची लोखंडी पट्टी वाकलेली असू शकते आणि ती बाहेरून दिसत नाही. रेडिएटर फुटून कूलंट गळत असेल किंवा ऑइल चेंबरला तडा गेला असेल, तर थोडे अंतर चालवल्यावरही इंजिन जाम होऊ शकते. (जाम झालेले इंजिन बांधणे हे आमच्यासाठी मोठे काम असते, तेव्हा हा सल्ला आमच्या फायद्याचा नाही.) रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. गाडीखाली ओघळ दिसत असेल, चाक तिरके झाले असेल, स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल किंवा बॉनेट नीट लागत नसेल, तर गाडी टो करूनच आणावी. ऑटोमॅटिक गिअरची गाडी, इंजिनाची ताकद ज्या चाकांना मिळते ती जमिनीवर ठेवून ओढल्यास गिअरबॉक्स खराब होऊ शकतो, म्हणून तिच्यासाठी फ्लॅटबेडच (अख्खी गाडी पाठीवर चढवून नेणारा ट्रक) मागवावा.

उघडलेली एअरबॅग पुन्हा वापरता येत नाही, आणि तिच्यासोबत आवळले गेलेले सीट बेल्टही बहुधा बदलावे लागतात.

विमा कंपनीला लवकर कळवावे. कंपनीच्या सर्व्हेअरने (नुकसान तपासणाऱ्या माणसाने) पाहणी करेपर्यंत आम्ही गाडी खोलत नाही. टोवाल्याच्या ताब्यात गाडी देताना कागदपत्रे व मौल्यवान वस्तू काढून घ्याव्यात, किल्ली मात्र द्यावी.