बॅटरी काढली तरी फ्लॅश जिवंत असतो
बऱ्याच छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांचा फ्लॅश चालू करून कॅमेरा कानाशी धरला, की एक बारीक शीळ ऐकू येते. ती चढत जाते, विरते आणि फ्लॅश तयार झाल्याचा दिवा लागतो. बिघडलेला फ्लॅश बदलायला बसण्याआधी ही शीळ नीट ऐका. बिघाड कुठे आहे हे तिच्यावरून कळतं आणि धोका कुठे आहे हेही.

बॅटरी असते जेमतेम ३.७ व्होल्टची. फ्लॅशच्या काचेच्या नळीतल्या झेनॉन वायूला मात्र ३०० व्होल्टच्या आसपास दाब लागतो. म्हणून एक छोटं सर्किट बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतं, चिमुकला ट्रान्सफॉर्मर दाब वाढवतो आणि डायोडमधून गेलेली वीज कपॅसिटरमध्ये साठत राहते. शीळ येते ती या ट्रान्सफॉर्मरची. फोटो काढताना ट्रिगर कॉइल नळीला बाहेरून काही हजार व्होल्टचा झटका देते. त्यासरशी झेनॉन वीजवाहक बनतो आणि साठलेली वीज नळीतून धावते.

कपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा धरला, तर त्यात साडेचार ज्यूल ऊर्जा मावते. एवढ्या ऊर्जेत किलोभर वजन अर्धा मीटरही उचललं जाणार नाही. पण तीच ऊर्जा एका मिलिसेकंदात बाहेर पडली, तर तेवढ्या क्षणापुरती शक्ती भरते साडेचार हजार वॅट!

आता नळीच निकामी झाली असेल तर? शीळ येते, दिवा लागतो, कपॅसिटर काठोकाठ भरतो, पण विजेला बाहेर पडायला वाटच उरत नाही. म्हणजे बंद पडलेला फ्लॅशच चालू फ्लॅशपेक्षा जास्त धोक्याचा. बॅटरी काढून ठेवली तरी हा विद्युतभार बराच काळ टिकू शकतो आणि उघड्या टोकांना बोट लागलं तर जबर झटका बसतो. काही जण स्क्रू-ड्रायव्हर आडवा टेकवून कपॅसिटर रिकामा करतात. तसं अजिबात करू नका; मोठी ठिणगी उडते आणि शेजारचं सर्किटही जळू शकतं. दोन किलो-ओहम, पाच वॅटचा रेझिस्टर (प्रवाहाला अडवणारा रोधक) इन्सुलेटेड चिमट्यांनी काही सेकंद दोन्ही टोकांना लावा, मग मल्टिमीटरने दाब मोजा. थोड्या वेळाने पुन्हा मोजा, कारण रिकाम्या झालेल्या कपॅसिटरचा दाब आपोआप थोडा वर येतो. मल्टिमीटर हाताशी नसेल, तर कॅमेरा उघडूच नये.

शीळ आणि दिवा दोन्ही ठीक, पण उजेड नाही, तर संशय नळीवर किंवा ट्रिगरवर. नळीची टोकं काळवंडली असतील तर ती बरीच झिजली आहे. नवी नळी त्याच मापाची हवी आणि तिची धन-ऋण टोकं जुनीसारखीच जोडायला हवीत. दाब चढतच नसेल, तर दोष चार्जिंगच्या सर्किटमध्ये. तिथे नळी बदलून काही साधत नाही.

कॅमेऱ्याला हॉट-शू, म्हणजे बाहेरचा फ्लॅश बसवायची वरची खाच असेल, तर मी आतला फ्लॅश आहे तसा सोडून बाहेरचा लावीन. तो भिंगापासून लांब असतो, त्यामुळे डोळे लाल येण्याचं प्रमाण कमी होतं, आणि त्याची मान वळत असेल तर उजेड छतावर टाकून मऊ करता येतो. फक्त फिल्मच्या काळातला जुना फ्लॅश चढवण्याआधी एक करा. तो सुटा चालू करून त्याच्या पायाच्या मधल्या टोकावरचा दाब मल्टिमीटरने मोजा. काही जुन्या फ्लॅशमध्ये तिथे २०० व्होल्टच्याही वर आकडा दिसतो, आणि तेवढा दाब डिजिटल कॅमेऱ्याचं सर्किट जाळू शकतो.