तिसऱ्यातच अडकलेला ट्रक

अमेरिकेत ‘ट्रक’ म्हणजे दहाचाकी मालवाहू गाडीच असते असं नाही. घरापुढे उभा असलेला, मागे उघडा हौदा असणारा पिकअपही तिकडे ट्रकच. शेव्हर्लेच्या अशा ट्रकांमध्ये 1993 पासून ‘4एल60-ई’ हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स येऊ लागला. तो बिघडल्याची एक ठरावीक तक्रार असते. सिग्नल सुटल्यावर गाडी जड निघते, जणू ओझं ओढतेय. वेग वाढला तरी गिअर बदलत नाही. लिव्हर ‘डी’वर, म्हणजे पुढे जायच्या खुणेवर, आणला की धाडकन दणका बसतो. रिव्हर्स मात्र व्यवस्थित लागतो.

‘गिअरबॉक्स गेला, खाली उतरवावा लागेल’ हे वाक्य अशा वेळी फार लवकर ऐकू येतं. पण वर सांगितलेली लक्षणं नीट वाचली, तर गिअरबॉक्स आपलं काम चोख करतोय आणि त्याला फक्त वीज मिळत नाहीये, असा संशय आधी यायला हवा.

या गिअरबॉक्समध्ये क्लच आवळण्याचं काम तेलाचा दाब करतो. ते तेल कुठल्या वाटेने जायचं हे दोन सोलेनॉइड ठरवतात. सोलेनॉइड म्हणजे तारेचं वेटोळं. त्यातून करंट गेला की आतली छोटी झडप हलते. या दोघांना अ आणि ब म्हणू. दोन्ही चालू असले की पहिला गिअर. अ बंद, ब चालू: दुसरा. दोन्ही बंद: तिसरा. अ चालू, ब बंद: चौथा. दोन बटणं, चार जोड्या, चार गिअर.

आता फ्यूज उडाला असं समजा. दोघांनाही वीज त्याच वाटेने येते, म्हणून दोन्ही एकदम बंद पडतात आणि गाडी तिसऱ्यातच राहते. तेलाचा दाब सांभाळणारा वेगळा सोलेनॉइड आहे, त्याचा हिशेब उलटा: करंट जास्त तर दाब कमी. करंटच नसेल तर दाब कमाल, म्हणून तो दणका. ही रचना मुद्दाम केलेली आहे. तार तुटल्यावर दाब पडला असता तर क्लचच्या प्लेटा घसरून जळाल्या असत्या. दणके खात का होईना, गाडी घरी तर पोचते. मोठ्या ट्रकांतल्या ‘4एल80-ई’मध्ये दोन्ही बंद म्हणजे दुसरा गिअर, त्यामुळे तो ट्रक निघतो बरा, पण हायवेला इंजिन किंचाळतं.

मला यातली खरी गंमत एकच तार तुटते तेव्हा वाटते. या सोलेनॉइडना हुकूम गाडीतला कंप्यूटर देतो. फक्त अ ची तार गेली तर तो एक-दोन-तीन-चार मागतो आणि गाडी देते दोन-दोन-तीन-तीन. ब ची गेली तर चार-तीन-तीन-चार! वरच्या चार जोड्यांत अ किंवा ब कायमचा बंद धरून पाहा, हेच उत्तर येतं. (कंप्यूटरला गडबड कळली की पुष्कळदा तो स्वतःच तिसरा गिअर धरून बसतो, मग हे कोडं दिसत नाही.) पान्याला हात लावण्याआधी, कागदावरच निम्मं निदान होतं.

कंप्यूटरला स्कॅनर लावला की बिघाडाचा कोड येतो, तोही नीट वाचावा. पी0753 म्हणजे अ सोलेनॉइडच्या विजेच्या वाटेत दोष. पी0751 म्हणजे वीज ठीक दिसतेय, पण हवा तो गिअर पडला नाही. तिथे अडकलेली झडप किंवा घाण तेल शोधायचं. आकडे शेजारचे, रोग निराळे.

मग मल्टिमीटर निघतो, आणि इथेच फसगत होते. सोलेनॉइडचं वेटोळं थंड असताना साधारण 22 ओहम रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, दाखवतं. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो. तेल 100 अंशांवर गेल्यावर तेच वेटोळं 29 च्या आसपास जातं. आता समजा, तारा जोडणाऱ्या कनेक्टरची एक पिन हिरवी पडली आहे, कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकावं तशी, आणि तिथे 6 ओहमचा अडथळा झालाय. थंड गाडीवर मोजलं तर 22 अधिक 6, म्हणजे 28. आकडा बघून मेकॅनिक म्हणतो, ‘ठीक आहे’. तापलेलं चांगलं वेटोळं आणि थंड गाडीतला खराब सांधा, दोघांचं उत्तर जवळपास एकच!

म्हणून तार कामावर असताना तपासायची. सोलेनॉइड चालू ठेवायचा आणि मीटर व्होल्टवर लावून त्याची दोन टोकं संशयित सांध्याच्या अलीकडे-पलीकडे टेकवायची. 12 व्होल्ट भागिले 28, करंट सुमारे 0.43 अँपिअर. त्याला 6 ने गुणलं की अडीच व्होल्टहून जास्त त्या पिनेवरच वाया जाताना दिसतात. चांगल्या सांध्यावर मीटर जवळजवळ शून्यावर राहतो. अर्थची तारही अशीच तपासायची. हिवाळ्यात जिथे रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथे चेसिसला बोल्टने आवळलेले अर्थचे सांधे हमखास गंजतात.

मोजताना हार्नेस, म्हणजे तारांची जुडी, हाताने हलवून पाहावा. इंजिन जोर घेताना आपल्या रबरी आधारांवर पिळतं, आणि ताणलेली तार तेवढ्याच क्षणी सुटते. एक्झॉस्टच्या पाइपाला टेकून वितळलेलं आवरण आरसा धरल्याशिवाय दिसत नाही. तार तपासायला सुई टोचली असेल तर ते भोक बुजवा, नाहीतर पुढच्या पावसात तिथूनच पाणी शिरेल.

आणि कनेक्टर उघडल्यावर आत लालसर तेल दिसलं, तर नुसतं पुसून पुन्हा बसवू नका. आतलं सील गळत असेल तर तेल तारेच्या बारीक पेडांमधून वर चढतं, समईच्या वातीसारखं. काही व्हॅनमध्ये ते पार कंप्यूटरच्या पेटीपर्यंत पोचलेलं सापडतं. तारेच्या दुसऱ्या टोकाचा कनेक्टर काढून तिथे टिश्यू पेपर दाबून तेलाचा डाग उमटतो का ते पाहा.