मेघालयाच्या पोटातील वाटा मोजणारी मंडळी

गुहा म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर कार्ले, भाजे किंवा अजिंठा उभे राहते. ती सारी लेणी, माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेली. सह्याद्रीचा काळा बसाल्ट पाण्यात सहजासहजी विरघळत नसल्यामुळे पाण्याने घडवलेल्या मैलोन्‌मैल लांबीच्या गुहा आपल्याकडे आढळत नाहीत. चुनखडीचे तसे नाही. पावसाचे पाणी हवेतला आणि त्याहून अधिक मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते, खडकाच्या भेगांत उतरते आणि हजारो-लाखो वर्षांत त्या भेगांचे बोगदे करते. मेघालयाच्या दक्षिण भागात चुनखडीचे मोठे पट्टे आहेत आणि चेरापुंजी-मौसिनराम परिसरात वर्षाला 11,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तिथली जमीन आतून पोखरलेली असावी यात नवल नाही.

हे पोखरलेपण किती आहे, याचा अंदाज मात्र फार काळ कुणालाच नव्हता. गारो टेकड्यांतील सिजू गुहेचा अभ्यास स्टॅनले केंप आणि बी. चोप्रा या प्राणिशास्त्रज्ञांनी 1922 मध्ये केला होता आणि तिथल्या जीवसृष्टीची बारकाईने नोंद ठेवली होती. त्यानंतर हा विषय बहुतांशी मागेच पडला. शिलाँगमध्ये 1990 साली ‘मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशन’ सुरू झाली आणि ब्रायन खारप्रान डॅली यांच्या पुढाकाराने ती गुहांकडे वळली. 1992 पासून ब्रिटिश आणि पुढे इतर युरोपीय गुहा-संशोधकांबरोबर तिच्या संयुक्त मोहिमा निघू लागल्या. या मोहिमा हिवाळा सरताना, मुख्यतः फेब्रुवारीत निघतात, कारण पावसाळ्यात यांतल्या अनेक गुहा नद्या होऊन वाहतात. गुहेची पहिली खबर बहुधा गावकऱ्यांकडूनच मिळते. खासी भाषेत गुहेला ‘क्रेम’ म्हणतात, आणि नकाशांवरही गावकऱ्यांनी दिलेलीच नावे राहिली आहेत.

या संस्थेचे खरे मोठेपण गुहेत शिरण्याच्या धाडसात नाही, मोजमापाच्या चिकाटीत आहे, असे मला वाटते. सर्वेक्षणाची जुनी पद्धत अशी: एक जण फीत धरून पुढे जातो आणि भिंतीवरचा एक ठळक बिंदू निवडतो, दुसरा मागच्या बिंदूवरून अंतर, होकायंत्रावरची दिशा आणि चढ-उताराचा कोन वाचून मोठ्याने सांगतो, तिसरा चिखलाने माखलेल्या हाताने, पाण्यात न विरघळणाऱ्या कागदावर ते आकडे लिहितो आणि शेजारीच भिंती, दगड, पाणी यांचे रेखाटन करतो. मग पुढचा बिंदू. कधी छातीभर गार पाण्यात उभे राहून, तर कधी पोटावर सरपटत हे वाचन करावे लागते. एक टप्पा सरासरी दहा मीटरचा धरला, तरी तीस किलोमीटरच्या गुहेसाठी तीन हजार वेळा हेच करायचे. एखादी वाट वळसा घेऊन पुन्हा जुन्या बिंदूवर आली, की आकडेमोडीतही ती तिथेच यायला हवी. जितकी चुकते तितकी मोजणीतली चूक उघडी पडते. आता लेसरचे उपकरण अंतर, दिशा आणि कोन एकदमच देते, पण रेखाटन अजूनही डोळ्यांनी पाहून हातानेच करावे लागते.

अशाच मोजणीतून जैंतिया टेकड्यांतील क्रेम लिआत प्राहची लांबी तीस किलोमीटरच्या वर गेली. मौसिनराम परिसरातील क्रेम पुरी 2018 मध्ये मोजली गेली, तेव्हा ती साडेचोवीस किलोमीटर भरली आणि वालुकाश्मातली जगातील सर्वांत लांब गुहा ठरली. वालुकाश्म चुनखडीसारखा सहज विरघळत नाही, म्हणून ही लांबी अधिकच थक्क करणारी आहे. जैंतिया टेकड्यांतल्याच क्रेम उम लादॉच्या तळाशी असलेल्या पाण्यात मोहिमेतील जीवशास्त्रज्ञांना चाळीस सेंटिमीटरहून लांब, फिकट रंगाचे मासे दिसले. भूमिगत माशांमध्ये याहून मोठा मासा ज्ञात नाही. 2023 मध्ये त्याला ‘निओलिसोचिलस प्नार’ हे नाव मिळाले, ते तिथल्या प्नार लोकांवरून.

मोजमापाचा आणखी एक उपयोग आहे. याच चुनखडीवर सिमेंटसाठी खाणी चालतात आणि कोळशाच्या खाणींतून झिरपणारे आम्लयुक्त पाणी ओढ्यांवाटे गुहांत उतरते. खाणीखाली नेमके काय आहे हे नकाशा असेल तरच दाखवता येते. मावम्लूह गुहेचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. तिच्यातल्या ऊर्ध्वमुखी, म्हणजे तळापासून वर वाढत गेलेल्या, चुनस्तंभाच्या थरांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) सुमारे 4,200 वर्षांपूर्वीच्या मोठ्या अवर्षणाची खूण सापडली आणि 2018 मध्ये भूवैज्ञानिकांनी तिथून सुरू होणाऱ्या काळाला ‘मेघालयन’ हे नाव दिले. पृथ्वीच्या इतिहासातला एक काळ ज्या खडकावरून मोजला जातो, त्या खडकाच्या आसपास सुरुंग लावू नयेत, यासाठी याहून मोठा पुरावा तो कोणता?

संस्थेच्या नोंदीत हजाराहून अधिक गुहा आहेत. त्यांतल्या शेकडो गुहांत अजून फीत पोहोचलेली नाही, आणि मोजलेल्या गुहांच्या नकाशांवरही, जिथे वाट पुढे जाते पण माणूस थांबला, तिथे एक प्रश्नचिन्ह काढलेले असते.