काळा दगड, तांबडा दगड

नागपुरात एखादा मूर्तिकार ‘मी फक्त दगडातच काम करतो’ म्हणाला, की समोरचा आधी किती वेळ लागेल ते विचारतो. साचा तयार असला की फायबरचा पुतळा काही दिवसांत उभा राहतो, दगडाला महिने लागतात. मग लोक त्याला हट्टी म्हणतात. मला ते पटत नाही. ही निष्ठा कुठून आली ते कळायला या शहराच्या पायाखाली बघावं लागतं.

लाव्ह्यापासून झालेला दख्खनचा काळा पाषाण पश्चिमेकडून पसरत येतो आणि नागपूरपाशी संपतो. सीताबर्डीची टेकडी त्याच लाव्ह्याची, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. उत्तरेला कामठी, सिलेवाडा, सावनेरकडे गेलं की वालुकाश्म लागतो, पिवळट ते तांबडा. भूशास्त्रात या थरांना ‘कामठी’ हेच नाव आहे, आणि त्यांचं वय पंचवीस कोटी वर्षांच्या आसपास. ज्यांच्या नावाचं कॉलेज आपण रोज बघतो त्या स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्यांनी याच थरांमधल्या वनस्पतींचे ठसे गोळा केले होते. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन माणसांनी धोंडे गोल मांडून केलेली स्मारकं, बघून परतताना नाल्याच्या पुरात त्यांचा मृत्यू झाला.

दोन्ही दगडांचे स्वभाव वेगळे. काळ्याला पदर नसतो, पण त्यावर टाकी, म्हणजे घडवायची छिन्नी, उसळते, आणि आत गारगोटीने भरलेला फुगा कधी निघेल याचा नेम नाही. वालुकाश्म थरांचा. खाणीतून निघतो तेव्हा ओलसर आणि मऊ, वाळला की वरून कडक होत जातो. थर उभे ठेवून बसवला तर पावसाळ्यांगणिक पापुद्रे सुटतात. म्हणून दगड हातात आला की जाणता कारागीर आधी त्याची बैठक, म्हणजे थर कसे पडलेत ते, शोधतो, मग ठोकून आवाज ऐकतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर आत चीर आहे. जुन्या शिल्पशास्त्रात तर आवाजावरून पुरुषशिला, स्त्रीशिला आणि नपुंसकशिला असे भेदच केले आहेत.

हे ज्ञान या भागात किती जुनं आहे? नागपूरजवळचं मनसर आणि रामटेक बघावं. पाचव्या शतकात वाकाटक राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचं नगरधन, तिथून जवळच होती. रामटेकच्या टेकडीवर केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन देवळं त्या काळापासून उभी आहेत. केवल नरसिंहाच्या देवळातल्या शिलालेखाचा संबंध चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी, वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिच्या घराण्याशी आहे. १९७२ मध्ये मनसरला सापडलेली शिवमूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुटकी, पोट सुटलेली, गालांत हसू दाबलेली. वाळूच्या दगडातून मांसाचा मऊपणा काढणारा तो हात कोणाचा, हे कुठेही लिहिलेलं नाही. मला त्या मूर्तीपेक्षा मोठा धडा माहीत नाही.

पुढे नागपूरकर भोसल्यांच्या काळात शहरातल्या महाल भागात देवळं आणि छत्र्या उभ्या राहिल्या, पाथरवटांना काम मिळत राहिलं. इंग्रजी अमदानीत दगड मूर्तीपेक्षा इमारतीत जास्त गेला. १९२५ मध्ये सुरू झालेलं रेल्वे स्टेशन सावनेरकडच्या वालुकाश्माचं. मग सिमेंट आलं. २००१ मध्ये दीक्षाभूमीचा स्तूप पूर्ण झाला, त्यासाठी वालुकाश्म धोलपूरहून आला. घरच्या देवाची मूर्ती घ्यायची तर लोक जयपूरचा संगमरवर मागतात. चौकातले पुतळे आधी मातीत घडतात, मग साच्यातून धातूत किंवा फायबरमध्ये उतरतात. ती कला कमी नाही, चितारओळी या मूर्तिकारांच्या वस्तीतल्या मातीकामाबद्दल मला आदरच आहे. पण माती चुकली तर पुन्हा लावता येते. दगडातून गेलेला कण परत येत नाही, त्यामुळे त्याचा विचार वेगळा करावा लागतो.

हा विचार एकेकाळी घरोघर पोचलेला होता. पाट्याला, जात्याला टाकी लावणाऱ्या बाया गल्लीत हाक देत यायच्या. माझी आजी टाकी लावून झाली की पाट्यावरून तळवा फिरवायची आणि कुठे खोल गेलं, कुठे राहिलं ते बिनचूक सांगायची. मिक्सर आला, हाक थांबली, आणि दगड हाताने वाचणारी माणसं घरातूनच कमी झाली.

काळ्या दगडाचं काय झालं ते काटोल रोडवरच्या वस्तीच्या नावात आहे, गिट्टीखदान. क्रशरमधून निघालेल्या गिट्टीला बैठक नसते, आवाज नसतो. आज दगडात काम करणाऱ्याला चांगला ठोकळा मिळवण्यातच अर्धी शक्ती घालवावी लागते. त्यात ग्राइंडरची धूळ. वालुकाश्माची धूळ म्हणजे बारीक गारगोटीच, ती फुप्फुसात बसते आणि निघत नाही. पाणी सोडत काम करणं आणि चांगला मास्क लावणं, यात हयगय चालत नाही.

त्याच काटोल रोडने पुढे जुनापाणी आहे. काळ्या धोंड्यांची तीनशेच्या आसपास वर्तुळं, इसवी सनापूर्वीच्या माणसांनी आपल्या मृतांसाठी रचलेली. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं. काही धोंड्यांवर वाटीएवढे लहान खळगे आहेत, ओळीने ठोकून केलेले. मूर्तिकाराला तिथे नेलं तर तो वर्तुळ नंतर बघतो. आधी खाली बसतो आणि बोट खळग्यात घालून ठोका कुठल्या बाजूने पडला असेल ते चाचपतो.