वरचा बाण दाबला आणि टूल माझ्याकडंच आलं

पुण्यात नऱ्ह्याला एका मित्राचा छोटासा गाळा आहे, बुश आणि पिना टर्न करून देतो तो. त्यानं एक जुना लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून कापायचं मशीन, भंगाराच्या भावात उचलला, टूल सरकवणाऱ्या दोन्ही स्लाइडला बॉलस्क्रू आणि टप्प्याटप्प्यानं फिरणाऱ्या स्टेपर मोटरी बसवल्या, ड्रायव्हर, केबल वगैरे बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलं, वर एक जुना कॉम्प्युटर आणि त्यात लिनक्ससीएनसी, म्हणजे आकड्यांवरून मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, जे फुकट मिळतं. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, त्यामुळं वायरिंगपुरता मी, बाकी सगळं तो. लाइट लागले, मोटरी गुणगुणल्या, आम्ही खूश. मग त्यानं कीबोर्डवरचा वरचा बाण दाबला, टूलला आत-बाहेर नेणारी क्रॉस स्लाइड पलीकडं जायच्या ऐवजी त्याच्या पोटाकडं आली.

"उलटं झालंय रे." आणि त्यानं जे कुणीही करेल तेच केलं, सेटिंगमध्ये जाऊन एक्सच्या डिरेक्शन पिनचा इन्व्हर्ट टिक केला. आता वरचा बाण दाबला की टूल पलीकडं, खालचा दाबला की अलीकडं, एकदम मस्त. मग चकमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या पकडीत, ईएन-८ पोलादाचा बार पकडला, हलका कट मारून मोजला, ४० मिमी आला, स्क्रीनवर एक्स ४० भरलं आणि प्रोग्रॅम चालू केला. प्रोग्रॅमची पहिली ओळ अगदी साधी, रॅपिडनं, म्हणजे पूर्ण वेगानं, एक्स ४४ ला जा, म्हणजे जॉबपासून (कापायच्या तुकड्यापासून) जरा लांब हो. टूल लांब झालं नाही. फिरत्या बारमध्ये सरळ घुसलं, इन्सर्टचे, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या टोकाचे, तुकडे झाले आणि आम्ही दोघं इमर्जन्सीच्या बटणावर एकदम तुटून पडलो.

चूक प्रोग्रॅमची नव्हती. त्यानं बोटाची तक्रार मिटवायला अक्षच उलटा करून ठेवला होता. आणि या दोन गोष्टी, अक्षाची दिशा कुठली आणि कुठलं बटण कुठं नेतं, ह्या साफ वेगळ्या आहेत, हे लेथवर काम करणाऱ्या चांगल्या चांगल्या लोकांच्याही डोक्यात एकत्र कालवलेलं असतं.

आधी अक्षाचं बघू. लेथला दोन मुख्य अक्ष. स्पिंडलच्या, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याच्या, रेषेत जो जातो तो झेड, आणि त्याला काटकोनात, जॉबच्या केंद्राकडं आत-बाहेर जो होतो तो एक्स. प्लस कुठं हे मशीन बनवणाऱ्याच्या मर्जीवर नाही, आयएसओ ८४१ नावाचं स्टँडर्ड आहे त्यासाठी, आणि त्याचा लेथपुरता अर्थ एका वाक्यात मावतो: टूल जॉबपासून लांब जायला लागलं की प्लस. झेडचा प्लस चकपासून समोरच्या टोकाच्या टेलस्टॉककडं, एक्सचा प्लस केंद्रापासून बाहेर. म्हणजे आकडा वाढला की टूल आणि जॉबमधलं अंतर वाढलं. याचा एक फायदा असा की कुणी मायनसचं चिन्ह टाकायला विसरला तर टूल बहुतेक वेळा जॉबपासून पळून जातं, जॉबवर चालून येत नाही.

यात ऑपरेटर कुठं उभा आहे याचा उल्लेखसुद्धा नाही, बघा. डावं उजवं, वर खाली, काही नाही. कारण ही सगळी भानगड सुरू झाली तीच माणसाला बाजूला ठेवण्यासाठी. अमेरिकेत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवायच्या कामात होता, त्या पात्यांचा वळणदार आकार आकड्यांच्या कोष्टकावरून कापायची कल्पना त्याची, आणि एमआयटीच्या सर्वोमेकॅनिझम लॅबनं १९५२ मध्ये तसं मिलिंग मशीन चालवून दाखवलं, भोकं पाडलेल्या टेपवरून. टेप एकीकडं बनणार, मशीन दुसरीकडं चालणार. मग "माझ्याकडं" आणि "पलीकडं" हे शब्द टेपमध्ये लिहून उपयोग काय? दिशा जॉबलाच बांधावी लागते.

आता गंमत पुढं आहे. आपल्या जुन्या लेथला टूल पोस्ट, म्हणजे टूल धरणारा ठोकळा, पुढच्या बाजूला, ऑपरेटर आणि जॉबच्या मधे. तिथं केंद्रापासून बाहेर म्हणजे ऑपरेटरकडं, म्हणजे एक्स प्लस आपल्या पोटाकडं येतो. चाकणच्या मोठ्या कारखान्यांत जी स्लँट बेड, म्हणजे तिरप्या बेडची, मशीनं दिसतात त्यांचा टरेट (टूल बसवलेली फिरती चकती) जॉबच्या मागं असतो, तिथं एक्स प्लस आपल्यापासून दूर आणि वर जातो. नियम तोच, चित्र उलटं. उजव्या हाताचा नियम लावून बघा: अंगठा एक्स, तर्जनी वाय, मधलं बोट झेड, तिघं एकमेकांना काटकोनात. मागचा टरेट असेल तर तर्जनी आकाशाकडं, पुढचं टूल पोस्ट असेल तर तीच तर्जनी जमिनीकडं. आणि प्रोग्रॅममधला जी२ हा हुकूम म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखी कमान, पण ती वायच्या प्लस टोकाकडून बघितल्यावर! पुढच्या टूल पोस्टच्या लेथवर ते टोक बेडच्या खाली आहे, आपण वरून बघतो, म्हणून जी२ आपल्याला उलटा फिरताना दिसतो. यावरून चहाच्या टपरीवर किती भांडणं झालीत ते मी बघितलंय, दोघंही बरोबर असतात, फक्त वेगवेगळ्या मशीनवर काम केलेलं असतं.

मग बोटाचं काय? बोटाची तक्रार खोटी नव्हती. आपलं डोकं बटणाची जागा आणि हालचालीची दिशा जुळवूनच काम करतं. फिट्स आणि सीगर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये हे मोजून दाखवलं, दिव्यांची मांडणी आणि हाताच्या हालचालींची मांडणी एकमेकांशी जुळत असेल तर माणसं पटकन आणि बिनचूक प्रतिसाद देतात, जुळत नसेल तर वेळही जास्त लागतो आणि चुकाही वाढतात. तीन बर्नरची शेगडी घ्या, कुठलं बटण कुठल्या बर्नरचं हे स्वतःच्या घरातसुद्धा अधूनमधून चुकतं की नाही. किंवा ट्रॅक्टरला ट्रॉली लावून रिव्हर्स घ्या, स्टेअरिंग एकीकडं आणि ट्रॉली भलतीकडं, सरावानं जमतं पण गडबडीत हात जुन्याच वळणावर जातो. आणि लेथवर जॉग करताना, म्हणजे बटण दाबून टूल सरकवताना, गडबड नेमकी तेव्हाच असते जेव्हा टूल जॉबच्या अगदी जवळ असतं.

म्हणून उपाय असा की अक्ष स्टँडर्डप्रमाणं ठेवायचा आणि बटण डोळ्याप्रमाणं. लिनक्ससीएनसीच्या सेटिंग फाइलमध्ये डिस्प्लेच्या भागात हे मशीन लेथ आहे असं सांगणारी एक ओळ असते, आणि टूल मागच्या बाजूला असेल तर त्याची वेगळी ओळ. पहिली टाकली की डावा-उजवा बाण झेडला आणि वर-खाली बाण एक्सला जातात, पुढच्या टूल पोस्टसाठी खालचा बाण एक्स प्लस होतो, आणि दुसरीही टाकली तर वरचा बाण प्लस. स्क्रीनवरचं चित्रही त्याबरोबर पालटतं. आमच्या मित्राच्या फाइलमध्ये दुसरीही ओळ पडली होती, मशीनला टूल मागच्या बाजूला आहे असं वाटत होतं, एवढाच मूळ घोळ. इन्व्हर्टची टिक काढली, ती ओळही काढली, झालं.

अक्ष खरंच उलटा असेल तर मात्र तो अक्षालाच सरळ करायचा. स्टेपरला ते सोपं आहे, दोनपैकी एका कॉइलच्या वायरी अदलाबदल करा किंवा फाइलमधल्या स्केलच्या, म्हणजे एका मिमीला किती पल्स याच्या, आकड्याला मायनस लावा. आमचं स्केल होतं ४००, कारण मोटर एका फेऱ्यात २०० स्टेप, ड्रायव्हर प्रत्येक स्टेपचे १० तुकडे करतो, म्हणजे २००० पल्स, आणि बॉलस्क्रू एका फेऱ्यात ५ मिमी सरकवतो. ४०० चं उणे ४०० केलं की दिशा पालटली. पण मग होमिंगची, म्हणजे मशीन सुरुवातीला स्विच शोधून आपली जागा ठरवतं त्याची, दिशाही बघा, नाहीतर मशीन स्विच शोधायला भलत्याच टोकाला निघतं.

सर्वो असेल तर फक्त मोटरच्या वायरी पालटून चालत नाही. तिथं एन्कोडर, म्हणजे जागा मोजणारा सेन्सर, सतत सांगत असतो की मी इथं आहे, कंट्रोलर म्हणतो अजून थोडं पुढं. दोघांच्या दिशा जुळत नसतील तर कंट्रोलर पुढं ढकलतो, एन्कोडर सांगतो मागं गेलो, कंट्रोलर अजून जोरात ढकलतो, एन्कोडर म्हणतो अजून मागं. गणपतीच्या मांडवात माइक स्पीकरसमोर नेला की जी कर्कश शिट्टी बसते ना, अगदी तेच, फरक एवढाच की इथं आवाजाच्या जागी दीडशे किलोची स्लाइड असते. म्हणून फॉलोइंग एररची, म्हणजे सांगितलेली जागा आणि खरी जागा यांतल्या फरकाची, मर्यादा सुरुवातीला घट्ट ठेवतात, स्लाइड जरा जरी भरकटली की ड्राइव्ह बंद.

दिशा लागली की अंतर तपासायचं, सरकणं मोजणारा काट्याचा डायल लावून. इथं आम्ही परत फसणार होतो. एक्स स्क्रीनवर १० नं बदलला, डायलनं ५ दाखवले, मित्र लगेच स्केल दुप्पट करायला निघाला. अरे थांब, लेथचा एक्स व्यासात दाखवतो! टूल ५ मिमी आत गेलं की व्यास १० नं कमी होतो. लिनक्ससीएनसीत जी७ म्हणजे व्यास, जी८ म्हणजे त्रिज्या.

आता सगळ्यात अवघड प्रकरण, ते म्हणजे काका. गाळ्यात एक जुने टर्नर काका येतात, सगळा जन्म साध्या लेथवर गेलेला. साध्या लेथवर क्रॉस स्लाइडचं हँडव्हील घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की टूल आत जातं. आम्ही जोडलं होतं ते इलेक्ट्रॉनिक हँडव्हील, म्हणजे एमपीजी, एका फेऱ्यात १०० टिकटिक, आणि त्यात घड्याळाच्या दिशेनं म्हणजे प्लस, म्हणजे टूल बाहेर. काकांचा हात बरोबर उलटा. हे सोडवायला अक्षाला हात लावायची गरज नाही, एमपीजीच्या आतून ए आणि बी असे दोन सिग्नल येतात, एकमेकांच्या पाव लहर मागं-पुढं, कुठला आधी आला यावरून दिशा कळते, त्यामुळं सॉफ्टवेअरमध्ये फक्त एक्ससाठी त्याचं चिन्ह पालटलं की काकांचा हात खूश. मी ते करून देत होतो, काकाच नको म्हणाले. त्यांचा मुद्दा असा की उद्या दुसरीकडं सीएनसीवर बसलो तर तिथं घड्याळाच्या दिशेनं म्हणजे प्लसच असणार, मग तिथं ठोकेन. मला पटलं. त्याऐवजी त्यांनी सवय होईपर्यंत एक्सला फक्त ×१ आणि ×१० वर काम करायचं ठरवलं, म्हणजे एका टिकला १ किंवा १० मायक्रॉन, उलटं फिरलं तरी काही बिघडत नाही. ×१०० ला एका टिकला ०.१ मिमी, तिथं मनगट एकदा वळलं की खेळ खल्लास.

जॉगच्या स्पीडचं पण एक साधं गणित सांगतो, मला स्वतःला हे आधी कधी सुचलं नव्हतं. चुकीचं बटण दाबलंय हे कळून बोट उचलायला माणसाला साधारण पाव सेकंद तरी लागतो. जॉग ३००० मिमी प्रति मिनिट असेल तर सेकंदाला ५० मिमी, पाव सेकंदात साडेबारा मिमी. टूल जॉबपासून ३ मिमीवर असेल तर बोट उचलायच्या आत काम झालेलं असतं. ३०० वर ठेवलं तर सव्वा मिमी, वाचलात. म्हणून जवळ आल्यावर सतत जॉग नकोच, टप्प्याटप्प्यानं सरकवायचं.

आणि साध्या कीबोर्डवर फार भरवसा ठेवू नका. बटण दाबलं तेव्हा "चालू" असा निरोप जातो, सोडलं तेव्हा "थांब". तो दुसरा निरोप मधेच हरवला, कीबोर्ड हँग झाला, तर स्लाइड चालतच राहते, होमिंग झालेलं असेल तर सॉफ्ट लिमिटला, म्हणजे सॉफ्टवेअरनं आखलेल्या हद्दीला, थांबेल, नसेल तर देवाच्या भरवशावर. वायरलेस कीबोर्ड तर अजिबात नको. इमर्जन्सीचं बटण सॉफ्टवेअरमधून न नेता थेट ड्राइव्हची पॉवर तोडणारं पाहिजे, आमचं तसं होतं म्हणून त्या दिवशी एका इन्सर्टवर भागलं.

एवढं सगळं करून पंधरा दिवसांनी मित्राचा परत फोन, बाण परत उलटे वाटतायत. गुरुवारी जाऊन बघितलं तर सेटिंग जशीच्या तशी. त्यानं कीबोर्ड टेलस्टॉकच्या बाजूला एका स्टुलावर ठेवला होता, काटकोनात, त्यामुळं त्याचा "वर" म्हणजे मशीनचं चक. यावर सॉफ्टवेअरमध्ये काही इलाज नाही. संध्याकाळपर्यंत त्यानं पत्र्याचा एक स्टँड वेल्ड केला, बेडच्या समोर लावला, आणि काकांनी त्यावर खडूनं बाण काढून लिहिलं, "बाहेर = प्लस".