मोठ्या ट्राउटला मोठाच स्ट्रीमर लागतो का?

‘मोठा ट्राउट हवा तर स्ट्रीमरही मोठा बांधा, छोट्याला फक्त पिल्लं लागतात,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. (ट्राउट हा थंड पाण्यातला मासा; फ्लाय म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेला बनावट घास, आणि स्ट्रीमर म्हणजे लहान माशासारखा दिसणारा फ्लाय.)

त्यात तथ्याचा अंश आहे. ट्राउट वाढला की लहान मासे खाऊ लागतो, मोठा घासही त्याला जमतो. पण म्हणून तो छोटा घास सोडत नाही. चांगले थोराड ट्राउट काही मिलिमीटरचे कीटकसुद्धा टिपतात. मग चार सेंटिमीटरची मासोळी समोरून गेली तर ते का सोडतील?

शिवाय हातातला फ्लाय आणि पाण्यातला फ्लाय यांत फार फरक असतो, आणि तो घरीच पाहता येतो. १० नंबरच्या गळावर (नंबर जितका मोठा, गळ तितका छोटा) माराबू नावाच्या मऊ पिसाची शेपटी दोऱ्याने आवळून बांधा. कोरडी असताना ती कापसासारखी फुललेली दिसते. पेलाभर पाण्यात बुडवली की फुगीरपणा जातो आणि मासोळीसारखी सडपातळ आकृती उरते. हलके ओढा, थांबा; तंतू मिटतात, पुन्हा पसरतात. माशाला भुलवते ती ही हालचाल.

नदीवर पडताळायचं तर दोन्ही आकार त्याच पट्ट्यात, त्याच खोलीवर आलटूनपालटून फिरवा. खोली सारखी राखणं महत्त्वाचं. छोटा स्ट्रीमर हलका असल्याने वरच राहतो आणि दोष आकाराला दिला जातो. बांधतानाच गळाच्या दांड्यावर वजनी तारेचे थोडे वेढे द्या.

गढूळ, चढलेल्या पाण्यात मात्र मोठा, गडद स्ट्रीमर खरंच उपयोगी पडतो, कारण तिथे तो आधी दिसायला हवा.